बीगल खाडी लवाद

दक्षिण अमेरिका खंडाच्या दक्षिण टोकाजवळ, बीगल खाडीच्या पूर्व मुखाशी असलेल्या पिक्टन, न्वेव्हा व लेनॉक्स या तीन बेटांच्या स्वामित्वाविषयी अर्जेंटिना व चिली या शेजारी देशांत १९७१–७७ या काळात चाललेला आंतरराष्ट्रीय लवाद. त्याचा निवाडा चिलीच्या बाजूने लागला. अर्जेंटिनाने तो फेटाळला आणि डिसेंबर १९७८ मध्ये दोन्ही देश युद्धाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपले. पुढे पोप दुसरे जॉन पॉल यांच्या मध्यस्थीने १९८४ साली तह झाला व वाद मिटला. त्या तहानेही तिन्ही बेटे चिलीकडेच ठेवली. विधिदृष्ट्या काटेकोर असा निवाडा शांतता का आणू शकला नाही आणि बेटांबाबत तोच निष्कर्ष स्वीकारणारा तह ती का आणू शकला, हा प्रश्न सागरी सीमाविवादांच्या इतिहासात महत्त्वाचा ठरतो. दोन्ही पक्षांनी लवादापुढे मांडलेला वाद बेटांचा होता. त्यांना मनापासून हवा होता तो बेटांमागचा समुद्र.

बीगल खाडी सु. २४० किमी. लांब आहे. तिच्या उत्तरेस तिएरा देल फ्वेगो हे मोठे बेट व दक्षिणेस ओस्ते, नाव्हारीनो इ. बेटे आहेत. यामाना जमातीचे लोक हजारो वर्षे होड्यांतून या पाण्यात वावरत होते. यूरोपीयांना तिचा पत्ता १८३० मध्ये लागला आणि ज्या ब्रिटिश सर्वेक्षण-जहाजावरील मंडळींनी ती शोधली, त्या ‘बीगल’ जहाजाचेच नाव तिला मिळाले. १८३३ मध्ये याच जहाजावरून आलेल्या चार्ल्‌स डार्विनने ही खाडी पाहिली. पश्चिमेकडून नाव्हारीनोच्या पूर्व भागापर्यंत खाडी एखाद्या कालव्यासारखी सरळ जाते. पिक्टन बेटाशी मात्र तिला दोन फाटे फुटतात. एक फाटा तिएरा देल फ्वेगोच्या किनाऱ्याला धरून पिक्टन व न्वेव्हा यांच्या उत्तरेने सरळ पूर्वेकडे अटलांटिकला मिळतो. दुसरा नाव्हारीनोच्या पूर्व किनाऱ्याने, पिक्टन व लेनॉक्स यांना डावीकडे ठेवून, दक्षिणेकडे वळतो. यांपैकी खरी बीगल खाडी कोणती, एवढाच वरकरणी प्रश्न होता. पहिला फाटा खरा धरल्यास तिन्ही बेटे खाडीच्या दक्षिणेस येतात. दुसरा धरल्यास ती तिच्या पूर्वेस पडतात.

पार्श्वभूमी : स्पॅनिश साम्राज्यातून स्वतंत्र झालेल्या या दोन देशांना पॅटागोनियाच्या ओसाड प्रदेशात निश्चित सीमा वारशाने मिळाली नव्हती. पेरू व बोलिव्हिया यांच्याशी चिलीचे युद्ध चालू असताना २३ जुलै १८८१ रोजी दोघांत सीमातह झाला. या तहाच्या वाटाघाटी अमेरिकेच्या सँटिआगो व ब्वेनस एअरीझ येथील वकिलांमार्फत झाल्या. योगायोगाने दोघांचेही नाव टॉमस ऑझबर्न असेच होते. फक्त मधले आद्याक्षर वेगळे. या तहाने पॅटागोनिया अर्जेंटिनाला मिळाला, मॅगेलन सामुद्रधुनीचे दोन्ही काठ चिलीकडे राहिले व ती सामुद्रधुनी सर्व राष्ट्रांच्या जहाजांना खुली व तटबंदीविरहित ठेवण्याचे ठरले. तिएरा देल फ्वेगोचे रेखावृत्ताने दोन भाग करण्यात आले. बेटांविषयीच्या तिसऱ्या कलमानुसार एस्तादोस बेट, त्यालगतची लहान बेटे आणि तिएरा देल फ्वेगो व पॅटागोनिया यांच्या पूर्वेस अटलांटिकमध्ये असलेली अन्य बेटे अर्जेंटिनाची. तर बीगल खाडीच्या दक्षिणेस हॉर्न भूशिरापर्यंतची सर्व बेटे चिलीची ठरली. खाडीचे पूर्वेकडील टोक कोठे समजावयाचे, हे तहात सांगितलेले नव्हते आणि उभयमान्य नकाशाही त्यास जोडलेला नव्हता. त्या काळी सागरी हक्क तोफेच्या माऱ्याच्या अंतराएवढे, म्हणजे सु. तीन सागरी मैलांचे मानले जात. निर्मनुष्य बेटांच्या भोवतीचे एवढेसे पाणी कोणाचे, याची चिंता करण्याचे तहकर्त्यांना कारणच नव्हते.

१८९३ च्या पूरक करारात चिलीने अटलांटिककडे आणि अर्जेंटिनाने पॅसिफिककडे कोणत्याही ठिकाणावर हक्क सांगू नये, असे वाक्य आले. मुळात ते अँडीजमधील सीमांकनाच्या संदर्भात होते. अर्जेंटिनाच्या राजनीतीत मात्र पुढे त्याला सिद्धांताचे स्थान प्राप्त झाले : अटलांटिक अर्जेंटिनाचा, पॅसिफिक चिलीचा. १९०२ मध्ये दोन्ही देशांनी सर्वसाधारण लवाद करार केला व ब्रिटिश राजसत्तेस कायमचा लवाद नेमले. त्याच वर्षी सातव्या एडवर्डने अँडीजमधील सीमेचा निवाडा दिला. त्यासाठी प्रत्यक्ष पाहणी करणारे सर टॉमस होल्डिच हे भारतीय सर्वेक्षण खात्यातील अधिकारी असून, त्यांची बरीचशी कारकीर्द भारताच्या वायव्य सरहद्दीची मोजणी करण्यात गेली होती. तो निवाडा दोघांनीही मानला आणि १९०४ मध्ये अँडीजच्या खिंडीत ख्रिस्ताचा पुतळा शांततेचे स्मारक म्हणून उभारण्यात आला. लवादाने तंटे मिटविण्याची परंपरा या दोन देशांइतकी जुनी व निष्ठेची अन्यत्र क्वचितच आढळते. म्हणूनच पुढे जे घडले ते अधिक धक्कादायक वाटते.

बीगल खाडीच्या मुखाजवळील बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोने धुणारे आले व मागोमाग मेंढपाळ आले. चिलीने तेथील जमिनी भाडेपट्ट्याने दिल्या. १८९२ मध्ये नाव्हारीनोवर प्वेर्तो तोरो ही वसाहत स्थापन झाली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अर्जेंटिनाने खाडीच्या खऱ्या मार्गाचा प्रश्न उपस्थित केला. १९१५, १९३८ व १९६० मध्ये तो लवादाकडे अथवा न्यायालयाकडे सोपविण्याचे ठराव झाले. परंतु त्यांतील एकही अमलात आला नाही. १९५८ मध्ये खाडीतील स्नाइप या निर्जन खडकवजा बेटावर चिलीने दीपस्तंभ उभारला. अर्जेंटिनाच्या आरमाराने तो काढून आपला उभारला; चिलीने तो काढून पुन्हा स्वतःचा लावला; तेव्हा ऑगस्टमध्ये अर्जेंटिनाच्या ‘सान ह्‌वान’ या विनाशिकेने तोफा डागून तो उद्‌ध्वस्त केला व बेटावर नौसैनिक उतरविले. अखेर तेथे कोणीच दिवा लावू नये, असे ठरले. जहाजांना वाट दाखविणारा दिवा हेच भांडणाचे कारण व्हावे, ही गोष्ट त्या वेळच्या मनःस्थितीची कल्पना देते.

मधल्या काळात समुद्राचे मोल पालटले होते. १९४६ मध्ये अर्जेंटिनाने आपल्या किनाऱ्यालगतची समुद्रबूड जमीन व तीवरील समुद्र यांवर हक्क जाहीर केला. १९४७ मध्ये चिलीने २०० सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रावर हक्क सांगितला. जगातील अशा प्रकारची ती पहिलीच घोषणा होय. १९६६ च्या कायद्याने अर्जेंटिनाही २०० मैलांपर्यंत गेला. अटलांटिकच्या तोंडावरील न्वेव्हासारख्या बेटाचा धनी आता तीन मैलांच्या पट्ट्याचा नव्हे, तर मासे व कदाचित खनिज तेल असलेल्या विस्तीर्ण सागरी प्रदेशाचा धनी होणार होता. अंटार्क्टिकावर दोघांनी सांगितलेले हक्कही परस्परांवर पडत असल्याने दक्षिणेकडील या जलमार्गांना आणखी वजन आले. म्हणजे १८८१ च्या तहातील शब्द तेच राहिले, परंतु दोन्ही देशांनी आपापल्या घोषणांनी त्या शब्दांचे मोल कित्येक पटींनी वाढवून ठेवले.

लवादाची स्थापना व कामकाज : डिसेंबर १९६७ मध्ये चिलीने १९०२ च्या कराराचा आधार घेऊन ब्रिटिश राजसत्तेकडे धाव घेतली. अर्जेंटिनाची अडचण उघड होती. फॉकलंड (माल्व्हिनास) बेटांवरून त्याचा ब्रिटनशीच वाद होता आणि त्या सरकारच्या हाती आपल्या भूमीचा निर्णय देणे त्यास रुचणारे नव्हते. २२ जुलै १९७१ रोजी तिन्ही देशांनी लंडन येथे केलेल्या लवादपत्राने यावर तोड काढली. निर्णय हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांचे लवाद-न्यायालय देणार होते. राणीस तो मंजूर अथवा नामंजूर करता येईल, परंतु त्यात बदल करता येणार नाही, असे ठरले. सर जेरल्ड फिट्‌समॉरिस (ब्रिटन) हे अध्यक्ष असून आंद्रे ग्रो (फ्रान्स), स्टुरे पेट्रेन (स्वीडन), चार्ल्‌स ओनेयामा (नायजेरिया) व हार्डी डिलार्ड (अमेरिका) हे अन्य सदस्य होते. १९७२ मध्ये जुन्या लवाद कराराची जागा नव्या कराराने घेतली व यापुढील वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे न्यावयाचे ठरले. चालू लवादास मात्र त्याने बाध आला नाही.

लवादपत्रात अक्षांश-रेखांशांनी आखलेला एक प्रदेश वादविषय म्हणून नमूद केला होता. नकाशावरील त्याच्या आकारामुळे तो ‘हातोडा’ या नावाने ओळखला जाऊ लागला. पिक्टन, न्वेव्हा, लेनॉक्स व त्यांलगतची लहान बेटे कोणाची आणि या हातोड्याच्या आत सीमारेषा कोठून जाते, एवढेच न्यायालयाला विचारले होते. हातोड्याबाहेरील समुद्र त्यास विचारलेला नव्हता. न्यायालयाने लेखी बाजू मागविल्या, मार्च १९७६ मध्ये सदस्यांनी खाडीची प्रत्यक्ष पाहणी केली व त्याच वर्षी जिनीव्हा येथे तोंडी युक्तिवाद ऐकले.

निवाडा : १८ फेब्रुवारी १९७७ रोजी न्यायालयाने एकमताने निर्णय दिला; ग्रो यांनी कारणमीमांसेतील काही मुद्यांपुरते स्वतंत्र निवेदन जोडले. १८ एप्रिल रोजी राणीने त्यास मंजुरी दिली व २ मे रोजी तो उभय पक्षांस कळविण्यात आला. तिन्ही बेटे चिलीची ठरली. खाडीत सीमारेषा सामान्यतः मध्यरेषेने आखली असून नौकानयनाची सोय पाहून काही ठिकाणी ती थोडी सरकविली आहे. तीनुसार गेबल बेट अर्जेंटिनाकडे व स्नाइप चिलीकडे गेले.

निर्णयातील विवेचन मनन करण्याजोगे आहे. न्यायालयाने खाडीच्या भूगोलावर सारा भार टाकला नाही. दोन्ही फाट्यांना खाडी म्हणता येईल हे मान्य करून, १८८१ च्या तहकर्त्यांनी त्या शब्दाने काय सुचविले असावे, याचा शोध त्याने तहाच्या एकंदर रचनेतून घेतला. पॅटागोनिया सोडून देण्याच्या बदल्यात चिलीस सामुद्रधुनी व दक्षिणेकडील द्वीपसमूह मिळाला, हा त्या तहाचा गाभा होय; मग कोणत्याही बेटाचे वाटप अनिर्णित राहील असा अर्थ लावणे तहाच्या हेतूशी विसंगत ठरते. तिएरा देल फ्वेगोची विभागणी ज्या खाडीवर येऊन थांबते, तिचीच दक्षिण बाजू बेटांच्या कलमात अभिप्रेत असली पाहिजे व तीच रेषा पुढे पूर्वेकडे उत्तर फाट्याने जाते, असे न्यायालयाने ठरविले. महासागरांच्या सिद्धांताबाबत, त्याने तहाच्या स्पष्ट वाटपावर मात करता येत नाही, असे त्याचे मत पडले. तहानंतर लगतच्या काळात प्रसिद्ध झालेले नकाशे, ज्यांत अर्जेंटिनाचेही होते, ही बेटे चिलीची दाखवीत होते; चिलीने तेथे दीर्घकाळ कारभार केला व अर्जेंटिनाने बराच काळ हरकत घेतली नव्हती. ही सर्व सामग्री न्यायालयाने हक्काचे मूळ म्हणून नव्हे, तर तहाच्या अर्थास दुजोरा देणारा पुरावा म्हणून वापरली. तहाचा अर्थ लावण्याचा हा वस्तुपाठच होय, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु त्याची मर्यादाही येथेच दिसते. १८८१ मधील माणसांच्या मनात काय होते, याचे उत्तर न्यायालयाने अचूक दिले. ज्या गोष्टीसाठी १९७७ मधील माणसे शस्त्रे परजीत होती, ती १८८१ मध्ये कोणाच्याच मनात नव्हती.

निवाड्यानंतर : निवाडा अमलात आणण्यासाठी नऊ महिन्यांची मुदत होती. दरम्यान जुलै १९७७ मध्ये चिलीने आपल्या दक्षिणेकडील बेटांच्या टोकांना जोडणाऱ्या सरळ आधाररेषा जाहीर केल्या. त्यांवरून २०० मैल मोजल्यास अर्जेंटिनाला दक्षिण अटलांटिकमध्ये कोंडल्यासारखे होईल, अशी भीती ब्वेनस एअरीझमध्ये बळावली. चिलीने निवाड्याचा पूर्ण लाभ पदरात पाडून घेण्याची ही घाई केली नसती, तर अर्जेंटिनातील मवाळांना काही जागा उरली असती. २५ जानेवारी १९७८ रोजी अर्जेंटिनाने निवाडा अविधिग्राह्य व शून्यवत असल्याचे घोषित केले. आपल्या युक्तिवादाचा विपर्यास झाला, हातोड्याबाहेरील बेटांविषयीही न्यायालयाने मतप्रदर्शन केले, निर्णयात अंतर्गत विसंगती व भौगोलिक-ऐतिहासिक चुका आहेत, अशी कारणे त्याने दिली. यांतील हातोड्याबाहेरच्या मुद्याचीच विधिज्ञांत थोडीफार चर्चा झाली. बाकीचे आक्षेप म्हणजे हरलेल्या पक्षाने त्याच वादाची पुन्हा केलेली मांडणी होती. पक्षाला निर्णय पटला नाही म्हणून तो रद्द होत नाही, हे लवादविधीचे मूलतत्त्व सोडले तर लवादास अर्थच उरत नाही.

दोन्ही देशांत त्या वेळी लष्करी राजवटी होत्या. अर्जेंटिनाचे ऱ्हॉर्हे व्हिदेला व चिलीचे आउगुस्तो पिनोचे यांची जानेवारीत मेंदोसा येथे व फेब्रुवारीत प्वेर्तो माँत येथे भेट झाली. तीत वाटाघाटींचे वेळापत्रक ठरले. परंतु वर्षअखेरपर्यंत काहीच निष्पन्न झाले नाही. १२ डिसेंबर १९७८ रोजी परराष्ट्रमंत्र्यांच्या ब्वेनस एअरीझ येथील बैठकीत मध्यस्थ म्हणून पोपचे नाव दोघांसही मान्य झाले, पण अर्जेंटिनाच्या सेनाधिकाऱ्यांनी करार होऊ दिला नाही. दोन्ही आरमारे समुद्रात उतरली, सीमेवर सैन्य जमले व अर्जेंटिनाने बेटे ताब्यात घेण्याची मोहीम आखली. अखेरच्या क्षणी, २२ डिसेंबरच्या सुमारास, पोपने आपला प्रतिनिधी पाठविण्याचे कळविले आणि मोहीम थांबविण्यात आली. त्या दिवसांत जे युद्ध टळले, त्याच्या खुणा जमिनीत दीर्घकाळ राहिल्या : १९७० नंतरच्या दशकात चिलीने आपल्या सीमांवर पेरलेले भूसुरुंग काढण्याचे काम २०२० मध्ये पुरे झाले.

मध्यस्थी व तह : कार्डिनल आंतोन्यो सामोरे यांनी दोन्ही राजधान्यांत ये-जा करून ८ जानेवारी १९७९ रोजी माँटेव्हिडिओ येथे करार घडवून आणला. त्यानुसार उभय पक्षांनी पोपची मध्यस्थी मागितली व बळाचा वापर न करण्याची हमी दिली. लवाद आणि मध्यस्थी यांतील भेद येथे ध्यानात घ्यावयास हवा. लवादाला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर द्यावे लागते व ते बंधनकारक असते. मध्यस्थास प्रश्नच बदलता येतो, मात्र त्याचा सल्ला मानणे न मानणे पक्षांच्या हाती राहते. १२ डिसेंबर १९८० रोजी पोपने सुचविलेल्या तोडग्यात बेटे चिलीकडे, त्यांभोवती मर्यादित प्रादेशिक जलधी आणि त्यापलीकडे उभयतांच्या सामाईक उपयोगाचा सागरी पट्टा अशी कल्पना होती. चिलीने ती स्वीकारली. अर्जेंटिनाने होकारही दिला नाही व नकारही दिला नाही. १९८२ मध्ये अर्जेंटिनाने फॉकलंडचे युद्ध गमावले आणि तेथील लष्करी राजवट कोसळली. सामोरे यांचे फेब्रुवारी १९८३ मध्ये निधन झाले. आपल्या श्रमांचे फळ त्यांना पाहावयास मिळाले नाही.

डिसेंबर १९८३ मध्ये सत्तेवर आलेले राष्ट्राध्यक्ष राऊल आल्फोन्सीन यांनी हा प्रश्न निकालात काढण्याचे ठरविले. लष्कर व विरोधी पक्ष यांचा विरोध ओळखून त्यांनी २५ नोव्हेंबर १९८४ रोजी जनतेचा कौल घेतला. तो विधिदृष्ट्या बंधनकारक नव्हता, परंतु सु. ८२ टक्के मतदारांनी तहास अनुकूल मत दिले. २९ नोव्हेंबर रोजी व्हॅटिकनमध्ये दांते कापूतो व हाइमे देल व्हाये या परराष्ट्रमंत्र्यांनी शांतता व मैत्रीच्या तहावर सह्या केल्या. एवढा जनमताचा पाठिंबा असतानाही मार्च १९८५ मध्ये अर्जेंटिनाच्या सीनेटमध्ये तह केवळ एका मताच्या आधिक्याने संमत झाला. २ मे १९८५ रोजी अनुसमर्थनपत्रांची देवाण-घेवाण होऊन तो अमलात आला.

या तहाने जमीन व समुद्र यांची फारकत केली. खाडीतील सीमा १९७७ च्या निवाड्याप्रमाणेच राहिली व बेटे चिलीची राहिली. खाडीच्या मुखापासून मात्र सागरी सीमा आग्नेयीकडे जाऊन नंतर हॉर्न भूशिराचे रेखावृत्त (६७° १६' प.) गाठते व त्याने दक्षिणेकडे जाते. परिणामी बेटांच्या पूर्वेकडील बहुतेक समुद्र अर्जेंटिनाच्या वाट्यास आला. हॉर्न भूशिर ते एस्तादोस बेटाचे पूर्व टोक या भागात दोघांनी परस्परांपुरते आपापले प्रादेशिक जलधी तीन मैलांपुरते सीमित केले. म्हणजे १८८१ मध्ये बेटाभोवती जेवढे पाणी समजले जाई, तेवढेच या शेजाऱ्यांनी एकमेकांपुरते पुन्हा मानले. नौकानयनाचे नियम आणि पुढील वादांसाठी समेट व लवाद यांची यंत्रणा तहाच्या परिशिष्टांत दिलेली आहे. अर्जेंटिनाला न्यायालयात जे मिळणे शक्य नव्हते, ते वाटाघाटींत मिळाले; आणि चिलीला न्यायालयात मिळाले होते, ते निर्वेधपणे उपभोगण्याची हमी मिळाली. निवाडा नसता तर चिलीने समुद्राबाबत एवढी उदारता दाखविली असती असे वाटत नाही, कारण हातात पक्का हक्क असलेल्यालाच त्याचा काही भाग सोडता येतो.

भारतीय वाचकास या संदर्भात कच्छच्या रणाचा लवाद आठवेल. १९६८ चा तो निवाडा देशांतर्गत कडव्या विरोधाला न जुमानता भारताने पाळला व रणातील सीमा आखली गेली. परंतु सर खाडीचा भाग त्या लवादाच्या कक्षेबाहेर राहिला होता आणि भारत-पाकिस्तान यांची सागरी सीमा अद्याप ठरलेली नाही. बांगला देशाशी असलेली सागरी सीमा मात्र हेग येथील लवाद-न्यायाधिकरणाने ७ जुलै २०१४ रोजी ठरवून दिली. तेथे प्रश्नच समुद्राच्या वाटणीचा होता व निवाडा दोन्ही देशांनी मानला.

अर्जेंटिना व चिली यांचा लवादावरील विश्वास या प्रकरणाने ढळला नाही. अँडीजमधील लागूना देल देसिएर्तो या प्रदेशाचा वाद १९९१ मध्ये लॅटिन अमेरिकी विधिज्ञांच्या न्यायाधिकरणाकडे सोपविण्यात आला. १९९४ मध्ये तो चिलीच्या विरुद्ध लागला. चिलीने फेरविचाराचा अर्ज केला व तो फेटाळला गेल्यावर निवाडा मानला. १९८४ च्या रेषेच्या दक्षिणेस समुद्रबूड जमिनीचा प्रश्न मात्र नव्याने पुढे आला आहे. अर्जेंटिनाने २०२० मध्ये आपल्या समुद्रबूड जमिनीची बाह्य मर्यादा कायद्याने निश्चित केली. ऑगस्ट २०२१ मध्ये चिलीने नकाशा प्रसिद्ध करून हॉर्न भूशिराच्या रेखावृत्ताच्या पूर्वेकडील समुद्रतळाच्या काही भागावर हक्क सांगितला आणि अर्जेंटिनाने त्यास १९८४ च्या तहाच्या आधारे हरकत घेतली.